रिलीव्हर आल्याशिवाय

दोन वर्षांपूर्वीची सतरा ऑगस्ट, दुपारचे साडेबारा. स्थळ, धरमपेठेतल्या एका प्रवास एजंटचं दुकान. रक्कम एक लाख अठ्ठ्याण्णव हजार चारशे रुपये, माणशी एकोणपन्नास हजार सहाशेप्रमाणे चार माणसांची. हजर असलेले: मी, माझी पत्नी सुनंदा, तिची मोठी बहीण पुष्पाताई, पुष्पाताईंचे यजमान दिवाकरराव वैरागडे आणि तो एजंट. मुंबईहून निघणाऱ्या एका मोठ्या जहाजावर तीन रात्री राहायचं, मध्ये एक दिवस गोवा, एक पूर्ण दिवस नुसता समुद्र, आणि चौथ्या सकाळी पुन्हा मुंबई, असं ते पॅकेज होतं.

निम्मे पैसे माझे होते. उरलेले निम्मे, म्हणजे नव्व्याण्णव हजार दोनशे, ताईंनी पर्समधून काढून टेबलावर ठेवले. ते दिवाकररावांच्या पेन्शनमधले नव्हते. ताईंची अकरा वर्षांची भिशी होती ती. एजंटने मशीनमध्ये नोटा टाकल्या. तेवढ्यात दिवाकररावांनी त्याला विचारलं, "जहाजाले स्टँडबाय जनरेटर किती हायेत?"

एजंट म्हणाला, "सर, जहाजावर स्विमिंग पूल आहे, थिएटर आहे, चार रेस्टॉरंट्स आहेत."

"ते दिसलं कागदावर. लाइट गेली त काय करते, ते इचारून राहिलो मी."

त्यावर एजंटने माझ्याकडे पाहिलं. दिवाकररावांशी बोलताना लोक थोड्या वेळाने माझ्याकडे पाहू लागतात, याची मला सत्तावीस वर्षांची सवय होती. नात्याने ते माझे साडभाऊ, वयाने चौदा वर्षांनी मोठे. आम्ही सगळे त्यांना अण्णाजी म्हणत असू. त्यांना जाऊन आता दीड वर्ष होत आलं. त्यांच्याबद्दल लिहायला बसलो की अजूनही आधी राग येतो. तो लपवायचं मला कारण दिसत नाही.

अण्णाजींनी कोराडीच्या वीज केंद्रात चौतीस वर्षं काढली. टर्बाइन विभागात ऑपरेटर म्हणून लागले, शिफ्ट इनचार्ज म्हणून निवृत्त झाले. उंच, सडपातळ माणूस. डावा कान थोडा पुढे करून ऐकायचे, कारण त्या कानाने त्यांनी आयुष्यभर यंत्रं ऐकली होती. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक यंत्राच्या अंगावर आणि मूठ कानाला लावली की आतलं बेरिंग बरं आहे की आजारी, ते त्यांना कळायचं. घरातल्या मिक्सरलाही ते तसाच कान लावत. खिशात कायम एक लांबट वही असे. तिच्यात वेळ, काय दिसलं, आणि सही असे तीन रकाने आखलेले.

त्यांच्या कामाचा एकच नियम होता. तो त्यांनी इतक्यांदा सांगितला होता की आमच्या घरातल्या मुलांनाही तो पाठ होता. रिलीव्हर आल्याशिवाय जागा सोडायची नाही. पाळी संपली म्हणजे ड्यूटी संपली असं नाही. पुढच्या पाळीचा माणूस समोर येऊन उभा राहिला, त्याने वहीत सही केली, की मग संपली. तो आला नाही तर तुम्ही थांबायचं. आठ तासांचे सोळा झाले तरी थांबायचं.

वीज केंद्रात हा नियम शहाणपणाचाच आहे. पण अण्णाजी तो वीज केंद्राच्या फाटकाबाहेर घेऊन आले आणि तिथे तो सगळ्यांच्या डोक्याला ताप झाला. आपल्याकडे "आलोच" म्हणून गेलेला माणूस येईलच असं कोणी धरत नाही. दोन मिनिटं पहा म्हटलं की त्या दोन मिनिटांना काही अर्थ नसतो. हे न कळलेला नागपुरातला एकमेव माणूस आमच्या वाट्याला आला होता.

त्यांची मुलगी मंजू, तिचं लग्न. वर्धमाननगरच्या एका हॉलमध्ये संध्याकाळचा मुहूर्त. लाइटचा भरवसा नाही म्हणून हॉलमागे जनरेटर लावलेला. मुहूर्ताच्या अर्धा तास आधी अण्णाजी सहज त्याचा आवाज ऐकायला मागे गेले. जनरेटरवाला त्यांना म्हणाला, "काका, दोन मिनट पाहाल का, मी जेवून येतो." आणि तो पंगतीत जाऊन बसला. मग कोणा ओळखीच्याच्या गाडीवर बसून तंबाखू आणायला गेला. इकडे मंगलाष्टकं सुरू झाली. मुलीचा बाप सापडेना. कन्यादान मंजूच्या काकांनी केलं. मी हॉलमागे गेलो तेव्हा अण्णाजी जरीचा फेटा बांधून, उजव्या मुठीत अक्षता धरून जनरेटरपाशी उभे होते. मुठीतल्या घामाने अक्षतांचा लगदा झाला होता.

मी म्हणालो, "अण्णाजी, तिकडे लग्न लागलं."

"ऐकू आलं मले," ते म्हणाले. "शेवटच्या मंगलाष्टकाले इकडून टाकल्या ना दोन-चार."

त्या लग्नाच्या अल्बममध्ये अण्णाजींचा फोटो नाही. ताईंनी त्यावर त्यांना एक शब्द ऐकवला नाही. ऐकवून उपयोग होत नाही एवढं त्यांना तोवर कळलं होतं. त्याआधी पुरीची सहल तिकिटं काढून रद्द झाली होती. रामेश्वरची दोनदा. कधी रिलीव्हर आजारी, कधी मशीन दुरुस्तीला उघडलेलं. नागपूर असं मधोमध वसलंय की समुद्र कुठल्याही बाजूने सारखाच लांब पडतो. ताईंनी साठाव्या वर्षापर्यंत समुद्र पाहिला नव्हता.

एजंटच्या दुकानातून निघाल्यावर आम्ही उसाचा रस प्यायलो. तिथे ताईंनी सुनंदाला जे सांगितलं ते मी ऐकलं. "यांची पैली पाळी असली की मी साडेचारले उठून डबा करो. सव्वापाचच्या बसनं हे जात. मंग गॅलरीत उभी राहो. सूर्य रोज त्या प्लँटच्या चिमणीच्या मागून येई. बत्तीस वर्षं पाह्यला वं, एकटीनं. एक बार यांच्यासंग पाहाचा हाय, समुद्रावर. बाकी मले त्या जहाजात काही नको."

म्हणजे नव्व्याण्णव हजार दोनशे कशासाठी, ते स्पष्ट होतं. मी ते नीट लक्षात ठेवायला हवं होतं. पण मी माझ्या सवयीप्रमाणे आकड्यांकडे पाहिलं. खिडकी असलेली खोली माणशी चौदा हजारांनी महाग होती. मी म्हणालो, खोलीत आपण झोपायलाच जाणार, खिडकी कशाला? छप्पन्न हजार वाचतात. सगळ्यांनी ऐकलं. मी लेखापरीक्षणाच्या नोकरीत आहे, त्यामुळे आमच्या घरात माझा हिशोब कोणी तपासत नाही. तो तपासायला हवा होता.

नोव्हेंबरात आम्ही गेलो. जहाजाविषयी मला थोडक्यात सांगायचं आहे. ते अकरा मजली होतं. लिफ्टसाठी पंधरा मिनिटं उभं राहावं लागे. जेवण पॅकेजमध्ये, पण बाटलीतलं पाणी वेगळं. चहा अमुक ठिकाणी फुकट, तमुक ठिकाणी दोनशे साठ रुपये. मधल्या चौकात सकाळी अकरा वाजल्यापासून कोणीतरी माइकवर गात असे आणि सहलीला आलेली मंडळी नाचत. ताटं भरभरून घेऊन अर्धी टाकत. चेक-इनच्या वेळी ताईंचा चिवडा आणि जवसाची चटणी काढून घेतली. अण्णाजींचा स्क्रू-ड्रायव्हरही काढून घेतला. त्याची पावती मागून ते काउंटरवर वीस मिनिटं उभे राहिले. पावती मिळाली नाही. मागच्या रांगेने काय काय म्हटलं ते मी लिहीत नाही.

जहाज पाच वाजता सुटणार होतं. त्याआधी चार वाजता सगळ्या प्रवाशांची संकटकाळाची तालीम होती. भोंगा वाजला की आपापल्या ठरलेल्या जागी जमायचं. आमची जागा सातव्या मजल्यावर, लोंबत्या होड्यांच्या खाली. तिथे जहाजावरची एक मुलगी 'सी' लिहिलेला फलक हातात घेऊन उभी होती. तिला कोणीतरी हाक मारली. गर्दीत सगळ्यांत उंच अण्णाजी. ती त्यांच्या हातात फलक देत म्हणाली, "सर, एक मिनट पकडिए, मैं अभी आई."

मी हे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर फलक तिथेच हिसकावून घेतला असता.

तालीम संपली. माणसं पांगली. आम्हाला वाटलं अण्णाजी पुढे गेले. ताई वरच्या डेकवर कठड्याजवळची जागा धरून बसल्या आणि शेजारच्या खुर्चीवर त्यांनी पर्स ठेवली. पाच वाजता जहाज हललं. मुंबई हळूहळू मागे सरकली. लोक फोटो काढत होते. तीनदा कोणी ना कोणी येऊन विचारलं, ही खुर्ची रिकामी आहे का? ताई म्हणाल्या, येऊन राहिले ते. सूर्य बुडाला. खुर्चीवर पर्सच होती.

मी आणि सुनंदाने आतून अकराच्या अकरा मजले पालथे घातले. फोन लागत नव्हता. शेवटी मी काउंटरवर जाऊन त्यांचं नाव पुकारायला लावलं. दोनदा पुकारलं. कोणी आलं नाही. तेव्हा माझ्या मनात कठड्याखालचं पाणी आलं. जिन्यावर सुनंदाने माझा हात धरला.

सात वाजायला पाच मिनिटं कमी असताना ते मला सापडले. सातवा मजला, होड्यांखाली, एकटेच. दोन्ही हातांनी 'सी'चा फलक छातीशी धरून.

"अण्णाजी, तुमचं नाव पुकारलं. ऐकलं नाही का?"

"दोन्ही बार ऐकलं."

"मग?"

"मंग काय? जागा कशी सोडू गा? ते पोरगी आली नाही ना अजून."

मी फलक त्यांच्या हातातून घेऊन भिंतीला टेकवला. त्यांनी तो पुन्हा उचलला. मी म्हणालो, तालीम अडीच तासांपूर्वी संपली, ही पुठ्ठ्याची पाटी आहे, हिला कोणी विचारत नाही. ते शांतपणे म्हणाले, "असन. पण देल्ली तिनं हाय. तू कोण घेणारा?" शेवटी मी जहाजावरच्या एका गणवेशातल्या माणसाला धरून आणलं. त्याने फलक घेतला. अण्णाजींनी वही पुढे केली. त्या बिचाऱ्याने कशावर सही करतोय हे न कळता सही केली. वेळ, सात वाजून पाच.

ताई अजून त्या खुर्चीजवळ होत्या. त्यांनी पर्स उचलून मांडीवर घेतली. अण्णाजी बसले. समोर काळोख होता, त्यात काही दिसत नव्हतं.

ताई म्हणाल्या, "परवा दिवसभर समुद्रच हाय म्हणतात. परवाचा सूर्य तेवढा पाहू. त्यात काही करू नका बापा."

"नाही करत," अण्णाजी म्हणाले.

गोव्याचा दिवस निभावला. तिथे अण्णाजींना कोणी काही धरायला दिलं नाही. संध्याकाळी खोलीत एक कागद आला, त्यात दुसऱ्या दिवशीचा सूर्योदय सहा एकोणचाळीसला असल्याचं छापलं होतं. ताईंनी त्या कागदाची घडी करून ती पर्समध्ये ठेवली.

सकाळी साडेपाचला आमच्या दारावर टकटक झाली. ताई दारात, मोतिया साडी, वर स्वेटर, केसांत गजरा. गोव्यात घेतलेला असणार. त्या म्हणाल्या, "सुनंदे, हे खोलीत नाहीत."

ते आमच्याच मजल्यावर सापडले. बोळाच्या अगदी टोकाला कर्मचाऱ्यांसाठीचं एक बंद दार होतं. त्याच्या शेजारी अण्णाजी गालिच्यावर मांडी घालून बसले होते. जेवणघरातला स्टीलचा चमचा भिंतीला टेकवून त्याचा दांडा त्यांनी कानाला लावला होता. पुढ्यात वही. रात्री त्यांना खोलीत घर्र-टक, घर्र-टक असा आवाज आला होता. त्यांनी काउंटरवर जाऊन सांगितलं. तिथल्या माणसाने सांगितलं, जहाज आहे, आवाज होणारच. मग तीन वाजल्यापासून ते दर पंधरा मिनिटांनी नोंद करत तिथे बसले होते.

"काहीतरी ढिलं हाय," ते म्हणाले. "दोन हजार माणूस झोपून राहिलं वरती. कोणीतरी पाहाले पाह्यजे का नाही?"

मला संताप आला. सुनंदा बोलली. तिने त्यांना ताईंची भिशी, मंजूचं लग्न, पुरी, रामेश्वर, सगळं ऐकवलं. बोळातलं एक दार उघडलं आणि एका बाईने आम्हाला गप्प बसायला सांगितलं. अण्णाजी मान खाली घालून ऐकत होते. चमचा मात्र कानालाच होता.

ताई त्यांच्याशेजारी खाली बसल्या. "सरका," त्या म्हणाल्या. "मी आली रिलीव्हर. द्या ती वही."

अण्णाजींनी त्यांच्याकडे पाहिलं. थोडा विचार केला. मग खरोखरच वही त्यांच्याकडे दिली, पेन दिलं, चमचा कसा धरायचा ते दाखवलं. ताईंनी सही केली. अण्णाजी गुडघ्यांवर हात टेकत उठले.

"चला," ते म्हणाले.

"कुठं?" ताई म्हणाल्या. "मी ड्यूटीवर हाय आता. तुमी जा. पाहून घ्या सूर्य."

"एकटा जाऊन काय पाहू मी?"

"काहून? मी बत्तीस वर्षं एकटीनंच पाह्यला ना."

ताई हे रागाने बोलल्या नाहीत. भाजीत मीठ कमी आहे म्हणावं, तशा बोलल्या. अण्णाजी उभेच राहिले. एकदा दाराकडे पाहत, एकदा लिफ्टकडे. त्यांना पहिल्यांदाच कळलं असावं की त्यांच्या नियमात दोघांनी एकत्र सुटायची सोय कधी नव्हतीच. एक सुटला की दुसरा अडकतो. त्या जागी उभ्या असलेल्या माणसाकडे पाहणं मला जमेना. आणि मला छप्पन्न हजारही आठवले. खिडकी असती तर ही दोघं आपल्या पलंगावर बसून सूर्य पाहू शकली असती, भिंतीला चमचा लावून का होईना.

मी म्हणालो, "द्या इकडे."

अण्णाजी म्हणाले, "तुले बेरिंगचा आवाज समजते का?"

"नाही. पण वेळ लिहून सही करता येते. सव्वीस वर्षं तेच करतोय."

हे त्यांना पटलं. ताईंनी माझ्याकडे चार्ज दिला. मी सही केली. वेळ, सहा वाजून पाच. सुनंदाही त्यांच्यासोबत गेली, कारण तिच्या मते आता त्यांना वाटेत कोणी काही धरायला देऊ नये म्हणून एक माणूस सोबत हवं होतं.

सहा वीस: आवाज आहे. मी लिहिलं. सहा पंचवीसला ते बंद दार आतून उघडलं. वाफ आणि साबणाचा वास बाहेर आला, आणि त्यामागून टॉवेलांची ढकलगाडी घेऊन एक माणूस. आत ओळीने मोठी धुलाई यंत्रं फिरत होती. मी विचारलं. तो म्हणाला, "लाँड्री है साब. तीन नंबर मशीन का पाया ढीला है. परसों ही बोला है हमने, कोई आता नहीं."

तेव्हा मी उठू शकलो असतो. लिफ्टला गर्दी नव्हती, वर जायला पाच मिनिटं पुरली असती. मीही एकोणपन्नास हजार सहाशे भरले होते. समुद्रावरचा सूर्योदय मीही कधी पाहिलेला नव्हता. मी उठून चार पावलं गेलो. मग वहीतली माझी सही दिसायला लागली. सही करून जागा सोडलेल्या माणसांची कागदपत्रं तपासण्यात माझ्या नोकरीची वर्षं गेली आहेत. अशा माणसांबद्दल मी अहवालात काय लिहितो, ते मला ठाऊक होतं. मी परत येऊन बसलो. सहा पस्तीस: आवाज आहे. सहा एकोणचाळीसला सूर्य उगवला असणार. माझ्यासमोर पिवळा दिवा आणि फुलांच्या नक्षीचा गालिचा होता. सहा पन्नास: आवाज आहे. सात पाच: आवाज थांबला, कपडे धुऊन झाले असावेत.

वर काय झालं ते मी पाहिलेलं नाही. सुनंदाने सांगितलं तेवढंच सांगतो. सुनंदा फोन खोलीतच विसरली होती, म्हणून फोटो नाही. दोघं कठड्याला टेकून उभी राहिली. अण्णाजींनी एकदा घड्याळ पाहिलं. मग ते मनगटावरून काढून ताईंकडे दिलं, ताईंनी ते पर्समध्ये टाकलं. सूर्य पुरता वर आला. मग अण्णाजींनी विचारलं, "रोज असाच येते का हा?" ताई म्हणाल्या, "मधात चिमणी नसली त असाच येते."

सव्वासातला अण्णाजी बोळात परत आले. ताई मागे होत्या, गजरा वाऱ्याने सुटला होता. मी वही दिली आणि लाँड्रीचं सांगितलं. तीन नंबर यंत्राचा पाया ढिला आहे, हेही.

"पाह्य, मी म्हणलं होतं ढिलं हाय," ते म्हणाले. मग त्यांनी माझ्या नोंदी वाचल्या. "सहा पंचविसाले तुले समजलं. मंग सव्वासातपर्यंत काहून बसून राहिला?"

मी म्हणालो, "सही केली होती."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सत्तावीस वर्षं मी त्यांच्या लेखी बायकोच्या बहिणीचा नवरा होतो. त्या दिवशी त्यांनी माझ्या नोंदींखाली सही केली, वही मिटली आणि म्हणाले, "डबल रेट लागते याले." मला तो विनोद वाटला.

नागपूरला परतल्यावर आठ-दहा दिवसांनी अण्णाजी आमच्या घरी आले. हातात पाकीट आणि एका कागदावर मांडलेला हिशोब. त्यांचा शेवटचा मूळ पगार त्रेचाळीस हजार सहाशे ऐंशी. भागिले सव्वीस दिवस, भागिले आठ तास, तासाला दोनशे दहा. ओव्हरटाइमच्या दुप्पट दराने चारशे वीस. एक तास दहा मिनिटांचे चारशे नव्वद. मी हिशोब तपासला, तो बरोबर होता. पण पैसे घ्यायला मी नकार दिला. ताईंसाठी केलं, त्याचे पैसे कसले? शिवाय माझा राग उतरला नव्हता. ते म्हणाले, "उपकार नको गा, विलास. ड्यूटीचे पैसे हायेत." मी म्हणालो, "चहा सांगतो, थांबा, आलोच." आत गेलो तर ऑफिसचा फोन आला आणि मी बोलत बसलो.

पंचवीस मिनिटांनी बाहेर आलो. अण्णाजी खुर्चीवर नव्हते. अंगणात पाण्याच्या मोटरच्या बटणावर बोट ठेवून, मान उंच करून ते गच्चीवरच्या टाकीच्या ओव्हरफ्लोच्या पाइपकडे पाहत उभे होते. सुनंदा जाता जाता त्यांना म्हणाली होती, "टाकी भरली की बंद करा, अण्णाजी." पाइपातून पहिला थेंब पडला, दुसरा पडायच्या आत त्यांनी मोटर बंद केली. मला पाहून म्हणाले, "टाकी भरली. घे चार्ज." मी बरं म्हणालो. ते पाकीट खिशात घालून, चहा न घेताच स्कूटरवर बसले. मी त्यांना पाहिलं ते तेच शेवटचं. पुढच्या जानेवारीत पहाटे झोपेतच ते गेले. उठवायला ताई गेल्या तेव्हा पावणेपाच वाजले होते.

फेब्रुवारीत ताई आमच्याकडे आल्या, अण्णाजींची वही घेऊन. शेवटच्या पानावर लाल शाईत एकच नोंद उघडी होती. 'देणे. विलास. रु. ४९०. घेत नाही.' सहीचा रकाना कोरा.

"ताई, राहू द्या ना," मी म्हणालो.

"मले काय सांगता," ताई म्हणाल्या. "त्यांचा चार्ज माझ्याकडं हाय. एवढी एक एन्ट्री बाकी हाय. सही करा, म्हणजे ते सुटतात."

त्यांनी पर्समधून तेच पाकीट काढलं. आत शंभराच्या चार नोटा, पन्नासची एक, विसाच्या दोन. पर्समध्ये एक पुरुषी घड्याळही दिसलं.

मी मोजून घेतले आणि कोऱ्या रकान्यात सही केली. रक्कम रुपये चारशे नव्वद. देणार पुष्पा दिवाकर वैरागडे. घेणार मी.